हाडांच्या खोलीतले परचुरे काका

परचुरे काका कुठल्याही इमारतीत शिरले की आधी भिंतीवर टकटक करायचे. माणसांना नमस्कार त्यानंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि हे हॉलच्या भिंतीला कान लावून उभे. "पोकळ आहे," म्हणाले. मी म्हटलं, "काका, इथे आतल्या भिंती अशाच. दोन्हीकडून जिप्सम आणि मधे कापूस." "कापूस!" त्यांनी सुमनकाकूंकडे असं पाहिलं, की जणू तो कापूस मीच भरला होता. "ऐकलंस का गं? गादीत राहतात ही माणसं."

काका सातारचे. पीडब्ल्यूडीतून एक्झिक्युटिव्ह इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. मुलगा निखिल आइंडहोव्हनला चिपची मशीनं करणाऱ्या कंपनीत, सून सायली मास्ट्रिख्टच्या युनिव्हर्सिटीत. दोघांना सोयीचं पडेल म्हणून त्यांनी मास्ट्रिख्टच्या बाहेर टेकडीवरच्या एका गावात घर घेतलं, आणि त्याच रांगेत त्यांच्या भिंतीला लागून तेव्हा माझं घर. मी मूळची नाशिकची. घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करायचे आणि या देशात इतकी मुरले आहे, की डच बोलताना आता मला स्वतःचं हसू येत नाही. निखिलचं डच 'गुड मॉर्निंग'च्या पुढे कधी सरकलं नाही. त्यामुळे काकांची दुभाषी होणं माझ्या नशिबी आलं. कौतुकाने म्हणत नाहीये. काही वाक्यं अशी असतात की ती दुसऱ्या कुणीतरी सांगावीत असं वाटतं, आणि सांगायला आपणच असतो.

काका मागच्या वर्षी गेले. सातारला, पुतण्याच्या घरी, झोपेत. निखिल वेळेवर पोचला, सगळं रीतसर झालं. वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. मला ते आठवतात ते इथले. लोकरीची कानटोपी, त्यावर निखिलचं ढगळ जॅकेट, आणि ओठांवर कायम तेच एक वाक्य, "ओल कुठून येतेय ते आधी बघा." हे वाक्य त्यांना कशालाही चालायचं. नात ईराला सर्दी झाली, ओल कुठून येतेय ते बघा. माझ्या ऑफिसात मॅनेजरशी वाजलं, ओल कुठून येतेय ते बघ. आठ वर्षांची ईरा त्यांना डचमध्ये उत्तरं द्यायची, ते तिला मराठीत रागवायचे, आणि दोघांचं झकास चालायचं.

सुमनकाकू त्यांच्या अगदी उलट. त्या भिंतीला हात लावायच्या नाहीत, माणसांच्या पाठीवर ठेवायच्या. दरवर्षी उन्हाळ्यात दोघं यायचे. अशाच एका सप्टेंबरात, परतायचं तिकीट हातात असताना, काकू स्वयंपाकघरात घावन घालता घालता खाली बसल्या. संध्याकाळी हॉस्पिटलात गेल्या. बस्स. तव्यावरचं घावन सायलीने उतरवलं की नाही, तेसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता एक गोष्ट इथल्या मराठी माणसांबद्दल सांगते. आम्ही सगळे इथे नोकरीच्या वयात येतो. गणपती कुठे मिळतो, मुंजीला भटजी कुठला, पोराचं बारसं कुठल्या हॉलमध्ये, सगळं ग्रुपवर विचारलं की दहा मिनिटांत उत्तर मिळतं. पण मेल्यावर इथे काय करतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यात तोवर कुणी मेलंच नव्हतं.

दहन झालं, तिसरा दिवस उजाडला, आणि सकाळी काका माझ्या दारात. धोतर नेसलेले, हातात तांब्याचा कलश, दुधाची बाटली आणि घडी केलेलं पांढरं कापड. "चल," म्हणाले. "अस्थी वेचून येऊ. निखिल गाडी काढतोय. तिथे बोलायला तू लागशील."

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी गार झालेल्या चितेवर दूध-पाणी शिंपडतात आणि मग अंगठा नि अनामिका अशा दोनच बोटांनी, आवाज न होऊ देता, एकेक हाड उचलतात. आधी पायांची हाडं. मग वर वर येत डोक्याची शेवटी. काकांनी आईवडिलांचं असंच केलं होतं. गाडीत ते मला हे सगळं नीट समजावून सांगत होते, साइटवर जाताना ज्युनियरला सांगावं तसं. मधेच म्हणाले, "जन्मभर तिने माझं केलं. मला तिचं हे एवढंच करायचंय."

दहनगृह म्हणजे हिरवळ, काचेची इमारत, मंद संगीत. काकांनी दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत आले. समोरच्या बाईंना वाटलं आम्ही कुणाच्या तरी निरोपाला आलोय. त्यांनी लगबगीने कॉफी आणली, सोबत केकचा एकेक तुकडा. मी सांगितलं आम्ही कशाला आलोय ते. त्या म्हणाल्या, महिनाभर काही देता येत नाही, तसा कायदा आहे. मग मी विचारलं, निदान हाडं बघायला मिळतील? वेचायला? त्यांनी मला दोनदा विचारलं, "वेचायला?" आणि मग धीर देणाऱ्या आवाजात म्हणाल्या, हाडं राहतच नाहीत, आमच्याकडे यंत्र आहे, सगळं अगदी बारीक करून देतो, घरच्यांना काही म्हणजे काही बघावं लागत नाही.

हे मी मराठीत कसं सांगितलं, देव जाणे. काका माझ्याकडे बघत राहिले. "दळतात?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. निखिल खाली बघत होता. दळायचं की नाही हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, इथे सगळ्यांचंच दळतात. काकांनी कलशावर कापड झाकलं, बाईंना हात जोडले आणि बाहेर येऊन बूट घातले. निखिलच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "तुझी चूक नाही रे. त्या बाईंचीही नाही." ओरडले असते तर बरं झालं असतं. कुणाची तरी चूक असती, तर भांडता तरी आलं असतं.

महिन्याने मिळाली ती करड्या रंगाची पूड. थंडीत बापलेक ती घेऊन सातारला गेले, संगम माहुलीला विसर्जन केलं. परत आल्यावर काकांनी मला एवढंच सांगितलं, "अस्थी बुडतात गं. ही तरंगली. बराच वेळ दिसत होती." काकूंशिवाय त्यांना सातारला एकटं ठेवायला निखिल तयार नव्हता, म्हणून काका इथेच राहिले. दिवसभर घरात. आमच्या रांगेतल्या सगळ्या भिंती टकटकून झाल्या.

म्हणून एका रविवारी मी त्यांना गावातलं चर्च बघायला नेलं. ते चर्च म्हणजे आमच्या टेकडीचाच एक भाग. इथे जमिनीखाली पिवळसर मऊ चुनखडी मिळते, तिला मेर्गेल म्हणतात. करवतीने कापायची आणि वाऱ्यावर ठेवायची, मग ती कडक होते. चर्चचा बुरूज त्याच दगडाचा, बुटका आणि जाडजूड. खिडक्या फटीएवढ्या, कारण लढाईच्या दिवसांत गाव आत जाऊन बसायचं. पुढे कधीतरी गावाला बरे दिवस आले, तेव्हा वेदीकडची बाजू पाडून उंच टोकदार कमानींची बांधली. एकाच इमारतीत भ्यालेली माणसं आणि निवांत माणसं, दोन्ही दिसतात. काका खूश. हा चिरा बघ, ही कमान बघ, हे छताचं वजन कुठून खाली उतरतंय ते बघ. माझी मान अवघडली.

तिथला कोस्टर, म्हणजे चर्चची देखभाल करणारा, योस नावाचा सत्तरीचा माणूस. भिंतींना इतक्या प्रेमाने हात लावणारा पाहुणा त्याला बऱ्याच दिवसांत भेटला नसावा. तो म्हणाला, मेनेरना, म्हणजे या साहेबांना, आमची खास खोली दाखवतो, आणि मी काही बोलायच्या आत त्याने उत्तरेच्या भिंतीतलं बुटकं दार उघडलं. ती हाडांची खोली. गावाला ठाऊक होती, येणारे-जाणारे फोटो काढायचे. पण काकांना तिथे न्यायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

काही पायऱ्या उतरून गेलं की ठेंगणं, घुमटी छताचं दालन. तिन्ही भिंतींना खालपासून छातीपर्यंत मांड्यांची आणि नडग्यांची हाडं, टोकं बाहेर करून रचलेली. त्यावर कवट्यांची ओळ. खिडकीच्या कमानीभोवती फासळ्यांची महिरप आणि छताच्या कडेने मणक्यांची नक्षी. चर्चभोवतीची दफनाची जागा लहान, टेकडीचा उतार. नवा माणूस पुरायचा तर जुन्याला जागा करून द्यावी लागायची, आणि जुना मग या खोलीत यायचा.

काकांचा हात सवयीने टकटक करायला वर गेला आणि मधेच थांबला. मग म्हणाले, "विचार त्याला, रचली कोणी?"

मी विचारलं. योस म्हणाला, कुणालाच माहीत नाही. एखादा कोस्टर असेल, किंवा एकामागून एक बरेच.

"हाताने रचलीत," काका म्हणाले. "एकेक हाड कुणीतरी हातात घेतलंय, मनीषा. मुकाट्याने बसून. त्याशिवाय इतकी सरळ ओळ येत नाही." आणि माझ्या देखत या कर्मठ गृहस्थाने त्या भिंतीला वाकून नमस्कार केला. घरी येऊन मात्र कपड्यांसकट शॉवरखाली उभे राहिले. सायलीला वाटलं काही झालं की काय. "काही नाही," आतून आवाज आला. "अस्थी बघून आलोय. अंघोळ नको का?"

मग ते रोज जायला लागले. रोज जायचं आणि रोज येऊन डोक्यावरून अंघोळ. सायली आधी घाबरली, मग वैतागली, मग तिने दारापाशी टॉवेल ठेवायला सुरुवात केली. काकांचं म्हणणं साफ होतं. बघणं हे पुण्य आणि अंघोळ हा नियम, दोन्हीचं आपापसांत काही भांडण नाही. एकदा ब्रेडाहून निखिलचे मित्र बायकापोरांसह जेवायला आले होते. काका चर्चमधून येताहेत, आणि कशातून येताहेत, हे कळल्यावर त्यातल्या एका वहिनींनी आपलं ताट हळूच त्यांच्यापासून लांब सरकवलं. काका म्हणाले, "अंघोळ झाली आहे हो माझी. तुमचे यजमान ऑफिसातून येऊन तसेच बसलेत, त्यांचं काय?" वहिनी लाजल्या, यजमान उठून हात धुऊन आले.

योस आणि काका यांची दोस्ती हा एक वेगळाच प्रकार होता. काकांचं इंग्रजी पीडब्ल्यूडीचं, योसची बोली इतकी गावठी की मलाही निम्मी कळायची नाही. पण दोघं तासन् तास बोलायचे. योसला 'परचुरे' जमेना, तो 'मेनेर पार' म्हणायचा. एका कोपऱ्यात कुणीतरी पूर्वी सिमेंटचं थिगळ लावून ठेवलं होतं आणि त्याच्या भोवतीचा दगड भुसभुशीत झाला होता. काकांनी ते बघून कपाळाला हात लावला. मऊ दगडाला सिमेंट म्हणजे शिक्षा, पाणी आत कोंडतं, इथे चुनाच हवा. योसने कमिटीला विचारलं, कमिटीने हो म्हणायला हिवाळा घालवला, आणि मग वसंतात दोन म्हातारे गुडघ्यांवर बसून ते थिगळ छिन्नीने काढत होते. "आमच्याकडे चुना बैल लावून घाण्यावर मळायचे, त्यात गूळ घालायचे," काकांनी मला भाषांतर करायला सांगितलं. योस घरी गेला आणि साखरेचं सिरप घेऊन आला. इथे पॅनकेकवर घालतात ते. काकांनी बोटाने चाखलं, मान डोलावली आणि थोडं मिसळलंसुद्धा. ते थिगळ शेवटपर्यंत टिकलं, हे मी स्वतः पाहिलंय.

पुढे पुढे पर्यटक आले की योस काकांनाच पुढे करायचा. काका इतिहास सांगायचे, कमानी समजावायचे, आणि कुणी कवटीला हात लावायला गेलं की त्यांचा तो साइटवरचा आवाज निघायचा, "नो टचिंग! समबडीज मदर!" मोठमोठे गोरे लोक हात मागे घ्यायचे. मी एकदा विचारलं, "काका, नेहमी आईच का? बाप का नाही?" ते हसले नाहीत. "बायको म्हणता येत नाही गं तोंडाने," म्हणाले.

तेव्हा मला नीट कळलं की हा माणूस तिथे काय करतोय. ज्याची त्याला आस लागली होती, ते तिथे कुणीतरी कुणासाठी तरी केलेलं होतं, आणि ते रोज बघायला मिळत होतं.

चर्च बंद होणार ही बातमी योसनेच आणली. रविवारच्या प्रार्थनेला मोजकी डोकी, तीही पिकलेली. छत गळतंय. आसपासच्या गावांची चर्च एकत्र करून एकच चालू ठेवायचं ठरलं होतं आणि आमचं एका हॉटेलवाल्याने घ्यायचं ठरलं होतं. बुरूज राहील, कमानी राहतील, मधे टेबलं येतील. हाडांची खोली रिकामी करायची आणि हाडं गावाच्या दफनभूमीत एका मोठ्या खड्ड्यात, पाद्र्याच्या हस्ते, पुरायची. गावाची सभा झाली. काका म्हणाले, मला बोलायचंय. मी शेजारी उभी राहिले.

मला वाटलं आता हे कमिटीला धारेवर धरणार. पण काका म्हणाले, "मी धरणाच्या कामावर होतो. पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली देवळं मी हलवली, समाध्याही हलवल्या. लोक रडायचे, मी सांगायचो, सगळं आदराने होईल. तुम्हीही तेच सांगताय. मला माहीत आहे, तुम्ही खरं सांगताय. मीही खरंच सांगत होतो." मग ते म्हणाले, "थांबवा म्हणत नाही. माझी एकच विनंती आहे. उतरवायची तेव्हा मला वेचू द्या. हाताने."

मी भाषांतर केलं. कमिटीच्या बाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, आमच्या स्वतःच्या आईवडिलांच्या कबरींची भाड्याची मुदत संपून हाडं काढली तेव्हा आम्हालाही कुणी बोलावलं नव्हतं, मेनेर. तुम्ही जरूर या. सगळे इतके चांगले होते की त्या सभेत कुणावर चिडायचं हेच मला समजेना. मी आपली घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

ठरलेल्या दिवशी मी सुट्टी घेतली. काकांनी आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. धोतर, कलशात दूध-पाणी, पांढरी चादर. चर्चच्या दारात ट्रक उभा, प्लास्टिकचे क्रेट रचलेले, आणि कंत्राटदाराचा तरुण माणूस, काका त्याला लगेच मुकादम म्हणायला लागले. मुकादमाने हेल्मेट दिलं, काकांनी कानटोपीवर घातलं. मुकादमाने हातमोजे दिले, ते काकांनी परत केले. "उघड्या बोटांनीच वेचायचं असतं, सांग त्याला." मी सांगितलं. त्याने योसकडे पाहिलं, योसने मान हलवली, आणि मुकादम आपल्या माणसांना घेऊन बाहेर कॉफी प्यायला गेला. दुपारी पाद्री यायचा होता. तोवरची सकाळ काकांची.

काकांनी दूध-पाणी शिंपडलं, भिंतीसमोर उभे राहिले, आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं काका?"

"उलटं आहे गं सगळं."

"काय उलटं?"

"भिंत वरून उतरवायची असते. खालचं ओढलं तर सगळी अंगावर येईल. आणि वर काय आहे?" त्यांनी कवट्यांकडे हात केला. "डोकी. डोकं शेवटी यायला पाहिजे."

मग त्यांनीच त्यातून वाट काढली. कवट्या आधी उतरवून चादरीच्या एका बाजूला ठेवायच्या, झाकायच्या, आणि त्या क्रेटमध्ये सगळ्यात शेवटी भरायच्या. तसं मी आणि योसने उतरवून घेतलं. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण कवटी हातात इतकी हलकी लागते, की भीती वाटतच नाही, नुसतं कसंतरी होतं. मग काका खाली बसले. "आता पायांची बघू. पावलांची कुठे आहेत?"

मी योसला विचारलं. योसने टोपी काढली. लहान हाडं इथे कधी आलीच नाहीत, तो म्हणाला. कबर उघडली की मोठी तेवढी उचलायचे. बोटं, टाचा सगळं मातीतच राहिलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मग सुरुवात कुठून करू?"

मला काय माहीत? मी टेस्टिंग करणारी बाई. ना मला मंत्र येतात, ना रीत ठाऊक, आणि त्या क्षणी मला माझ्या आईला फोन करावासा वाटला. मी म्हटलं, "नडगीपासून करा काका. पायच आहे ना तोही." ते "बरं" म्हणाले. एखाद्या लहान पोरासारखे "बरं" म्हणाले, आणि मला रडूच आलं.

अंगठा आणि अनामिका. करून बघा कधीतरी. लाटणंसुद्धा त्या दोन बोटांत धड उचलता येत नाही, आणि काकांची बोटं आधीच थरथरणारी. तरी ते उचलत होते. एकेक हाड, चादरीपर्यंत, टेकवताना श्वास रोखून. त्यातलं एक निसटलं आणि फरशीवर पडलं, टक्कन आवाज झाला. काकांनी डोळे मिटले, त्या हाडाला हात जोडले आणि तेच पुन्हा उचललं. योस शेजारी बसला होता, मदत करायला हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. त्या खोलीत कोण कुणाची माणसं होती, कधीची होती, कुणी सांगू शकलं नसतं. काका मात्र प्रत्येकाकडे बघत होते, ओळख पटवल्यासारखे.

उन्हं वर आली तेव्हा मुकादम दारात आला. खूप हळू आवाजात मला म्हणाला, "माफ करा, पण खड्डा उघडा आहे आणि पाद्री निघालेत." मी काकांना सांगितलं. काकांनी विचारलं, "किती झाली?"

मी भिंतीकडे पाहिलं. एक कोपरासुद्धा धड झाला नव्हता. "बरीच झाली," मी म्हटलं.

"मला सांगतेस? मेजरमेंट घेण्यात हयात गेली माझी." ते उठायला लागले, गुडघा धरला, योसने काखेत हात घालून उभं केलं. मग मुकादमाची माणसं आत आली. मला त्यांच्याबद्दल वाईट काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. ती माणसं दोघंदोघं मिळून, मोजे घालून, क्रेटमध्ये स्पंज अंथरून, एकही हाड न आपटता काम करत होती. हसत-बोलतही नव्हती. आमच्या अख्ख्या सकाळीला जो कोपरा पुरला नाही, तो त्यांनी बघता बघता उतरवला, आणि मग राहिलेल्या भिंती. कवट्या शेवटी भरा, असं मी सांगितलं, तर त्यांनी तसंच केलं. काका समोरच्या भिंतीला टेकून उभे होते. शेवटचा क्रेट बाहेर गेल्यावर त्या खोलीत फक्त दगड राहिला. काकांनी एकदा चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "चल."

त्यानंतर आठवड्याभरात नव्या नोकरीसाठी मी रॉटरडॅमला गेले, आणि महिन्याभरात काका सातारला परतले. त्यामुळे त्या दिवशी चर्चबाहेर गाडीत बसलो, तीच आमची शेवटची नीट भेट.

ते पुढच्या सीटवर बसले. दोन्ही हात अंगापासून दूर, समोर वर धरलेले. ना दाराला लावायचे, ना कपड्यांना. "बेल्ट लावा काका," मी म्हटलं. "हात कुठे लावू?" ते म्हणाले. मी बेल्ट ओढायला वाकले तर घाईने म्हणाले, "शिवू नकोस, अंघोळ व्हायचीय माझी." "माझीही व्हायचीय," मी म्हटलं आणि बेल्ट लावला. गाडी सुरू केली नाही. का कोण जाणे.

"मला वाटलं होतं," काका समोर बघत म्हणाले, "कुणाचीही वेचली, तरी तिला पोचेल."

मी किल्लीवरचा हात काढला.

"नाही पोचलं गं. ही सगळी परकी माणसं. तिचं ते राहिलंच."

काकू गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, हॉस्पिटलात नाही, त्या काचेच्या इमारतीतही नाही. आता पाणी सरळ गालांवरून कानटोपीच्या बंदापर्यंत येत होतं, आणि ते हात हाडांना लागलेले, म्हणून त्यांना स्वतःचे डोळेसुद्धा पुसता येत नव्हते. मी ओढणीचं टोक घेतलं आणि पुसलं. ते पुन्हा भरले, मी पुन्हा पुसलं. काका नको म्हणाले नाहीत. हात तसेच वर धरून, चेहरा माझ्याकडे करून बसून राहिले.